बोस्टनचं तळघर आणि तुमची इंदिरानगरची खोली

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात सांगतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागेल. नाशिकच्या चार मुलांचा रॉक बँड आहे. आठ गाणी तयार आहेत, पाच मराठी आणि तीन इंग्रजी. चौघांनी मिळून अडीच लाख साठवलेत. इंदिरानगरला एकाच्या घरी वरच्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली रिकामी आहे. अमेरिकेतल्या ‘बोस्टन’ बँडने १९७६ साली पहिला अल्बम गिटारवाल्याच्या घरच्या तळघरात केला आणि एकट्या अमेरिकेत त्याची नोंद १ कोटी ७० लाख प्रतींची आहे, असं त्यांनी वाचलं. आता त्यांचं म्हणणं, मग मुंबईच्या स्टुडिओत पैसे कशाला घालायचे? खोलीतच करू या की.

मी गेली बावीस वर्षं नाशकात छोटा स्टुडिओ चालवतो. सुरुवात मांडवात साउंड लावण्यापासून. पोट चालतं ते अहिराणी गाण्यांवर, भजनांवर, गणेश मंडळांच्या कामांवर आणि दर निवडणुकीला येणाऱ्या प्रचारगीतांवर. रॉक बँड वर्षाकाठी दोन-तीन येतात, तेही घासाघीस करत. तेव्हा ‘हा स्टुडिओवाला, हा स्टुडिओच सांगणार’ असं मनात आलं असेल तर ते काढून टाका. तुमचं निम्मं काम घरीच करा, असंच मी सांगणार आहे. फक्त कोणतं निम्मं, तेवढं नीट ऐका.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्नांची गाठ बसली आहे. घरच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं चांगलं वाजेल का, हा एक. घरी केलेला अल्बम खपेल का, हा दुसरा. बोस्टनच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, म्हणून ते एकच वाटतात. प्रत्यक्षात त्यांची कारणं अगदी वेगळी होती.

पहिल्यांदा तळघराची गोष्ट पुरती सांगतो, कारण ती अर्धीच फिरते.

गिटारवाला टॉम शोल्झ हा एमआयटीमधून मेकॅनिकल इंजिनियरिंग केलेला, पोलरॉइड कंपनीत नोकरीला असलेला माणूस. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनला त्याच्या घराचं तळघर म्हणजे भट्टीशेजारची, फळ्या ठोकलेली चिंचोळी जागा. अधूनमधून पाणी शिरायचं. हॅमंड ऑर्गन वाजवायचा असला की आधी ड्रम खोलून बाजूला काढायचे, मगच ऑर्गनचा स्पीकर ओढून बाहेर घ्यायचा. इथपर्यंत तुमच्यासारखंच. पण त्या खोलीत १२ ट्रॅकचं, म्हणजे बारा आवाज वेगवेगळे उतरवणारं टेप मशीन होतं, आणि पगारातले पैसे शोल्झने वर्षानुवर्षं असल्या यंत्रांत घातले होते. ‘मोअर दॅन अ फीलिंग’ हे त्यांचं गाजलेलं गाणं पुरं व्हायला पाच वर्षं लागली. डेमो (नमुन्याचं रेकॉर्डिंग) पाठवायचा, नकार यायचा, परत सगळं नव्याने वाजवायचं. ज्या एपिक कंपनीने शेवटी अल्बम काढला, तिनेही आधी एकदा नकार कळवला होता.

करार झाल्यावर कंपनी म्हणाली, आता हे सगळं लॉस एंजेलिसला नीट स्टुडिओत नव्याने रेकॉर्ड करा. शोल्झ हलायला तयार नाही. तेव्हा निर्माता जॉन बॉयलनने शक्कल काढली. बाकीच्या बँडला त्याने लॉस एंजेलिसला नेऊन तिथे एक गाणं रेकॉर्ड केलं, कंपनीला वाटलं काम सुरू आहे, आणि इकडे शोल्झ तळघरात बाकीचा अल्बम वाजवत बसला. बराचसा एकट्यानेच, गिटार, बेस, ऑर्गन सगळं. लोकांना हा भाग आवडतो आणि लोक इथेच थांबतात. त्याआधी बॉयलनने त्याच्याकडे एक इंजिनियर पाठवला होता, माइक कसे लावायचे ते दाखवायला. गिटार उत्तम येत होत्या, पण ड्रमसारखी माइकने घ्यायची वाद्यं नीट येत नव्हती. ती शोल्झने नव्याने रेकॉर्ड केली. मग रेकॉर्डिंगचा ट्रक घरासमोर आणून तळघराच्या खिडकीतून केबल आत सोडली आणि सगळं २४ ट्रॅकच्या टेपवर उतरवून घेतलं. गायन झालं लॉस एंजेलिसच्या कॅपिटल स्टुडिओत. मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे घेतलेले आवाज तोलून एकत्र करणं, झालं वेस्टलेक स्टुडिओत.

म्हणजे लोक ज्याला ‘तळघरातला अल्बम’ म्हणतात, त्याचा गळा आणि त्याचा शेवटचा हात दोन्ही चांगल्या स्टुडिओतले आहेत. घरी झालं ते वेळखाऊ काम. एका गिटारवर दुसरी, दुसरीवर तिसरी चढवत जाण्याचं. ताशी भाडं मोजत ते झालंच नसतं. घर कशासाठी वापरायचं हे त्या माणसाला बरोबर कळलं होतं.

आता तुमची खोली. दहा बाय बारा म्हटल्यावर मला हसू आलं, कारण माझा पहिला स्टुडिओ बरोबर तेवढाच होता आणि त्याने मला चांगलंच गंडवलं होतं.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज मागे-पुढे आपटतो आणि एक ठरावीक सूर त्या अंतरात नेमका बसतो. दहा फुटांत बसतो तो साधारण ५६ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनांचा. बेस गिटारची मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झची. बारा फुटांत बसतो ४७ च्या आसपासचा, म्हणजे जाड ‘ई’ तारेवर दुसऱ्या पडद्यावरचा ‘एफ शार्प’. स्लॅबची उंचीही दहा फूट असेल तर ‘ए’ आणखीच फुगणार. माझ्या खोलीत बेसवाल्याने मोकळी ‘ए’ छेडली की भिंतीतल्या कपाटात ठेवलेल्या चहाच्या स्टीलच्या वाट्या किणकिणायच्या. शेजारचा सूर वाजवला की चिडीचूप. आम्हाला ते भारी वाटायचं. काय दणका आहे, म्हणायचो.

साल २००९. एका कॉलेजच्या मुलांचा अल्बम मी त्याच खोलीत घेतला, तिथेच मिक्स केला, मास्टरिंग म्हणजे छापण्याआधीचा शेवटचा हातही मीच फिरवला. माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली. तिथे ‘ए’ दुप्पट ऐकू यायचा, म्हणून मी प्रत्येक गाण्यात तो कापत गेलो. हजार सीडी छापून आल्या. पोरांनी पहिली सीडी मित्राच्या गाडीत लावली, आणि ज्या गाण्याचा सगळा जीव त्या ‘ए’ वर होता, त्यात बेसच नाही. ऐन कोरसला जमीन सरकल्यासारखं. चूक सर्वस्वी माझी. त्यांनी पैसे मागितले नाहीत, मीच निम्मे परत केले. त्यातल्या काही सीडी अजून माझ्या माळ्यावर आहेत. दर दिवाळीच्या सफाईला बायको विचारते, आणि दर दिवाळीला मी त्या परत वर ठेवतो.

यातून तुमच्या कामाचं एवढंच घ्या की खोली रेकॉर्डिंगपेक्षा जास्त ऐकण्यात फसवते. बेस तुम्ही माइक न लावता डीआय बॉक्समधून (गिटारची वायर जोडायची छोटी डबी) थेट इंटरफेसमध्ये (आवाज कॉम्प्युटरला देणारं यंत्र) घेतलात तर खोलीचा त्याच्याशी संबंधच येत नाही. गिटारचंही तसंच. आधी साधा सिग्नल घेऊन ठेवा, अँपचा आवाज नंतर ठरवता येतो. हे सगळं घरी करा, रात्रभर करा, शंभर वेळा करा. शोल्झची पाच वर्षं तुमच्याकडे नसतील, पण चार-सहा महिने आहेत, आणि त्या खोलीला तासाचं भाडं नाही. तुमच्या अडीच लाखांपेक्षा ही चैन मोठी आहे.

भिंतींना अंड्यांचे ट्रे लावू नका. हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल! त्यांनी वरचा चरचरीत आवाज थोडा मऊ होतो, खालचा तसाच राहतो. गोधड्यांचंही तेच, फक्त गोधड्या निदान थंडीत उपयोगी पडतात. लावायचाच असेल तर भट्ट्यांना आणि गरम पाइपांना गुंडाळतात तो रॉकवूल आणा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा शेजार आपल्याला कधीतरी कामाला यावा. जाड पट्टे कापडात शिवून चारही कोपऱ्यांत खालपासून वरपर्यंत उभे करा. ‘ए’ पूर्ण बसणार नाही, पण वाट्या वाजायच्या थांबतील.

आणि वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासा. माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी ते काम, मग संगीत.

ड्रम मात्र त्या खोलीत घेऊ नका. इथे मी ठाम आहे. ड्रमच्या वर टांगलेल्या माइकला झांजांबरोबर छतही ऐकू येतं. साडेनऊ-दहा फुटांवरचा स्लॅब झांजेचा आवाज लगेच परत पाठवतो आणि तो मूळ आवाजात असा मिसळतो की नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने वेगळा होत नाही. पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखं येतं. चांगल्या उंच खोलीचे दोन दिवस विकत घ्या, मुंबईत किंवा पुण्यात. आठही गाण्यांचे ड्रम दोन दिवसांत व्हायलाच हवेत. होत नसतील तर तालमी कमी पडल्या आहेत, आणि त्याचा स्टुडिओशी संबंध नाही. दुसरा पर्यायही आहे. ओळखीतला एखादा शाळेचा हॉल सुट्टीत मिळाला तर आठ माइकचा सेटअप भाड्याने घेऊन तिथे करता येतं. मी दोनदा केलंय, एकदा छान झालं. दुसऱ्यांदा बाहेर लग्नाची वरात आली आणि तिसऱ्या गाण्याच्या मधोमध बँजो पार्टीने आमच्यापेक्षा बरा ताल धरला.

नाशकात घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर कॅलेंडर बघूनच तारीख ठरवावी. पावसाळ्यात गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी ढोल पथकांचा सराव असतो, त्या वेळात गायनाचा माइक उघडायचाच नाही. रात्री अकरानंतर बसा, पंखा बंद, फ्रिज बंद, पाण्याची मोटर बंद. गायन घरी होऊ शकतं का, हे गाणाऱ्यावर अवलंबून आहे. काही गायक घरी मोकळे होतात, पन्नास टेक आनंदाने देतात. काही जण ‘खालच्या मजल्यावर आजी झोपलीये’ म्हणून आवाजच काढत नाहीत. तुमचा गायक कोणता ते तुम्हाला माहीत. दुसऱ्या प्रकारचा असेल तर गायनालाही एक दिवस बाहेर द्या.

मिक्सिंग स्वतः करू नका, आणि खरं सांगायचं तर ज्याने रेकॉर्ड केलं त्यालाही देऊ नका. निर्वाणा या अमेरिकन बँडचा ‘नेव्हरमाइंड’ अल्बम घ्या. त्यांचा त्याआधीचा पहिला अल्बम सुमारे ६०६ डॉलरमध्ये झाला होता. हा १९९१ चा, दुसरा, आणि मोठ्या कंपनीचा. निर्माता बुच व्हिग कसलेला माणूस, साउंड सिटी स्टुडिओतलं त्याचं रेकॉर्डिंग उत्कृष्ट. पण तो आणि बँड मिळून मिक्स करायला बसले तेव्हा गाडी अडली. त्यांनीच वाजवलेलं, त्यांनीच शंभर वेळा ऐकलेलं, काय वर काढायचं आणि काय खाली ठेवायचं हेच कळेना. शेवटी मिक्सिंगसाठी बाहेरून अँडी वॉलेसला आणलं. त्याने आधी त्यातलं काही वाजवलं नव्हतं, त्यामुळे कशाचा मोह नव्हता. माझा २००९ चा घोटाळा झाला तो नेमका इथे. घेतलं मी, ऐकलं मी, पास केलं मीच. तुमच्या बजेटमध्ये पहिली रक्कम बाजूला काढायची ती परक्या कानांसाठी. चांगला माणूस आठ गाण्यांना परवडत नसेल तर पाचच गाणी करा. (बोस्टनच्या अल्बमवरही आठच गाणी होती, हे तुम्ही मला सांगणार हे ठाऊक आहे. करा आठ, पण मग गाडीचं सर्व्हिसिंग पुढच्या वर्षी.)

आता दुसरा प्रश्न, खपण्याचा. इथे तळघराचा काडीचा संबंध नाही.

१९७६ मध्ये अमेरिकेत एफएमवर फक्त रॉक वाजवणारी केंद्रं गावोगाव होती आणि एपिकच्या मागे तिची बडी मालक कंपनी सीबीएस होती. गाणं रेडिओवर पोहोचवणारी माणसं आणि रेकॉर्ड दुकानात पोहोचवणारी माणसं, दोन्ही पगारी. अल्बम ऑगस्टअखेरीस आला आणि पुढच्या तीन महिन्यांतच दहा लाखांच्या पुढे गेला. गाणं रेडिओवर वाजू लागलं तेव्हा शोल्झ अजून पोलरॉइडच्या नोकरीतच होता. गाणं चांगलं होतंच, पण त्या दिवशी त्याच्यासाठी रस्ता आधीच बांधलेला होता. ‘नेव्हरमाइंड’ची गंमत उलटी. कंपनीला एवढी अपेक्षाच नव्हती. अमेरिकेत सुरुवातीला जेमतेम ४६ हजार प्रती पाठवल्या, खपाच्या यादीत तो १४४ व्या क्रमांकावर आला. मग एमटीव्ही या गाण्यांच्या वाहिनीवर त्यातल्या गाण्याचा एक व्हिडिओ फिरू लागला आणि ११ जानेवारी १९९२ च्या यादीत त्याने मायकेल जॅक्सनला पहिल्या क्रमांकावरून खाली काढलं. तिथेही रस्ता होता, एमटीव्हीचा.

तुमचा रस्ता कोणता, याचं उत्तर तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, आणि मला काळजी खोलीपेक्षा त्याची वाटते.

माझ्याकडे सटाण्याकडचा एक गडी येतो, अहिराणी लग्नगीतं करतो. आवाज बेताचा, चाली त्याच त्या. दरवर्षी तुळशीच्या लग्नाच्या आधी महिनाभर येतो, दोन गाणी करतो. फायनल झाल्यावर तो पहिल्यांदा यूट्यूबवर टाकत नाही. खिशातून वीसेक पेनड्राइव्ह काढतो, माझ्याच कॉम्प्युटरवर भरतो, आणि मालेगावपासून धुळ्यापर्यंतच्या डीजेच्या गाड्यावाल्यांना स्वतः नेऊन देतो. प्रत्येकाचा नंबर त्याच्याकडे, प्रत्येकाच्या घरचा चहा प्यायलेला. मिक्सच्या वेळी मला सांगतो, ‘दादा, हळदीत वाजायचं आहे, रस्त्यावर, उघड्यावर. ढोलकी पुढं घ्या.’ त्याच्या गाण्याचं पहिलं ऐकणं कुठे, किती वाजता, कोणाच्या स्पीकरवर होणार, हे त्याला रेकॉर्डिंगच्या आधी माहीत असतं. एपिकच्या ऑफिसात बसलेल्या माणसांकडे होतं ते हेच ज्ञान. ते मला आजवर आलेल्या एकाही रॉक बँडकडे दिसलं नाही. तुमच्याकडेही अजून नसावं, राग मानू नका.

रॉकसाठी आपल्याकडे तो रस्ता आजही मुख्यतः स्टेजचाच आहे. दिल्लीच्या इंडियन ओशनचं उदाहरण बघा. १९९० पासून वाजवत होते, पहिला अल्बम १९९३ चा. ‘डेझर्ट रेन’ तर त्यांच्या एका मैफलीचं थेट रेकॉर्डिंग होतं. नाव झालं ते २००० च्या ‘कंदिसा’ने. तोवर दहा वर्षं स्टेजवर गेली होती आणि त्यातल्या गाण्यांना ऐकणारा ठरलेला होता. तुम्ही आजवर किती कार्यक्रम केलेत ते लिहिलेलं नाही. कॉलेजचं गॅदरिंग धरून पाच-सहा असतील, तर मी अडीच लाखांतले लाखभर रेकॉर्डिंगला लावूच देणार नाही. ते मुंबई-पुणे-छत्रपती संभाजीनगरच्या प्रवासाला, दोन गाण्यांच्या व्हिडिओला, आणि कुठे फुकटात वाजवावं लागलं तर त्या रात्रीच्या जेवणाला ठेवा. पाच मराठी गाण्यांना आधी पुढे करा. इंग्रजी तीन वाईट असतील असं नाही, पण मराठी रॉकला ऐकणारा अजून भुकेला आहे आणि इंग्रजीत तुमची गाठ थेट बोस्टनशी आहे.

त्या १ कोटी ७० लाखांचा आकडा डोक्यात असेल तर हिशेब सांगतो. अमेरिकेच्या आजच्या नोंदीत १५०० वेळा स्ट्रीम झालं की एक अल्बम धरतात. म्हणजे तेवढ्या अल्बमसाठी २,५५० कोटी स्ट्रीम. आकडा भिंतीवर लावू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसची (त्यांचं मानधन गोळा करून देणारी संस्था) सदस्यता घ्या, प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी, म्हणजे त्याच्या ओळखीचा क्रमांक मिळतोय ना ते गाणी ऑनलाइन चढवणाऱ्या वितरकाकडे बघा, आणि चाल कोणाची, शब्द कोणाचे, हे चौघांनी आजच एका कागदावर लिहून सह्या करा. मैत्री आहे तोवर हा कागद दहा मिनिटांत होतो. कोणी लेबलवाला आला तर किती वर्षं आणि किती अल्बम, या दोन ओळी वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. बोस्टनने दुसरा अल्बम १९७८ ला दिला, तो घाईत काढावा लागला असं शोल्झचं मत राहिलं. मग सीबीएसशी कोर्टकचेरी लागली आणि तिसरा यायला १९८६ उजाडलं.

या रविवारी एवढं करा. बेसवाल्याला खोलीत बसवा, जाड ‘ई’ तारेपासून सुरू करून एक-एक पडदा चढत ‘डी’पर्यंत सगळे सूर सारख्याच जोराने वाजवायला सांगा, सावकाश. बाकी तिघांनी खोलीत फिरायचं. भिंतीला टेकून ऐका, मग बरोब्बर मधोमध उभं राहून ऐका. एका जागी ‘ए’ छातीत बसेल, दुसऱ्या जागी तोच सूर नाहीसा होईल. जिथे सगळे सूर त्यातल्या त्यात सारखे येतात तिथे खडूने खूण करा, स्पीकर आणि खुर्ची त्या हिशेबाने मांडा. खोलीची नेमकी लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून इथेच खाली लिहा, रॉकवूल किती लागेल ते सांगतो. आणि ड्रमवाल्याला निरोप द्या, नवी कातडी चढवायची असतील तर रेकॉर्डिंगच्या आठवडाभर आधी चढव. आदल्या रात्री चढवलीस तर दोन्ही दिवस स्वर लावण्यातच जातील.